गारपगारी : वऱ्हाडातील गारपिटीचा पहारेकरी

१/
यवतमाळहून धामणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाभुळगाव लागते. माघ सरत आला की या तालुक्याच्या शिवारात वर्षभराची कमाई उघड्यावर असते. गव्हाच्या ओंब्या भरलेल्या, हरभऱ्याचे घाटे वाळत आलेले, तुरीच्या गंजी खळ्यावर रचलेल्या आणि पऱ्हाटीवर शेवटच्या वेचणीचा कापूस. नेमक्या याच दिवसांत कधी कधी आभाळ अवचित भरून येते. पावसाळा दगा देतो तेव्हा त्याला महिने लागतात. गारपिटीला पाव तास पुरतो.

२/
आज या संकटाची चाहूल दोन-तीन दिवस आधी लागते. उपग्रहाची चित्रे, रडारवरील लाल-जांभळे ठिपके आणि संगणकीय प्रारूपांचे नकाशे कोणालाही मोबाईलवर पाहता येतात. हवामानाचा छंद असलेली तरुण मंडळी रात्ररात्र जागून हे नकाशे न्याहाळतात. मोठे वादळ जुळून येताना पाहण्यात त्यांना विलक्षण आनंद असतो. तोच नकाशा पाहून खळ्यावर माल पडलेल्या शेतकऱ्याच्या पोटात मात्र गोळा येतो.

३/
शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नागपूर-वऱ्हाडच्या खेड्यांत आभाळ पाहण्याचे हे काम एका विशिष्ट माणसाकडे होते. गारपिटीचे ढग ओळखणे आणि ते गावावरून परतवून लावणे हीच त्याची नेमणूक. त्याला ‘गारपगारी’ म्हणत. नावाच्या आरंभीच गार आहे. हिवाळी वादळाची वाट पाहणाऱ्या माणसांचा इतिहास वऱ्हाडात शोधायचा तर सुरुवात या गारपगाऱ्यापासून करावी लागते.

४/
गारपगाऱ्याची सविस्तर नोंद १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चार खंडी ग्रंथात सापडते. आर. व्ही. रसेल हे सनदी अधिकारी आणि त्यांचे सहकारी रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींचा हा कोश सिद्ध केला. १९०२ च्या करारानुसार निजामाने वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या भाडेपट्ट्याने दिला आणि पुढच्याच वर्षी त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. त्यामुळे वऱ्हाडातील गारपगारीही या कोशात आले.

५/
कोशानुसार १९११ साली गारपगाऱ्यांची संख्या सुमारे ९ हजार होती आणि वस्ती मुख्यतः नागपूरकडील मराठी जिल्ह्यांत व वऱ्हाडात होती. मूळचे ते नाथपंथी जोगी; गारपीट परतवण्याचे काम पत्करल्यामुळे त्यांची वेगळी जात बनली. गारपीट मुख्यत्वे रब्बीच्या पिकावर येते. गहू, हरभरा आणि जवस हे त्या काळच्या रब्बीचे मोठे आधार. ते पदरात पडेपर्यंत गारपगाऱ्याचा पहारा चाले.

६/
या पहाऱ्याची लक्षणेही ठरलेली होती. रात्रीच्या आभाळात धूर आणि ज्वाळा एकत्र व्हाव्यात तसा काळा व तांबडा रंग मिसळलेला दिसला की गारपीट येणार, असे गारपगारी ओळखी. मग तो हाती तलवार घेऊन मारुतीसमोर उभा राही आणि ढग पांगवण्यासाठी त्याची विनवणी करी. विनवणी व्यर्थ ठरली तर धमकी. अंगावरचे कपडे फेकून तो देवालाच बजावी की, मी येथेच जीव देईन. कधी बायको-मुलेही त्याच्यासोबत देवळापुढे उभी राहत.

७/
पूर्वीच्या काळी गारपगारी खरोखर स्वतःच्या अंगावर वार करून घेत, असे लोक सांगत. विसाव्या शतकाच्या आरंभी ही प्रथा बोटातून थोडे रक्त काढण्यापुरती उरली होती. या नोंदी वाचताना सावध राहिले पाहिजे. प्रजेची वर्गवारी करायला निघालेल्या वसाहतकालीन अधिकाऱ्याच्या नजरेतून त्या उतरल्या आहेत आणि त्या नजरेला चमत्कारिक तेवढे चटकन दिसे. तरीही त्यांतून गावगाड्याची एक महत्त्वाची व्यवस्था स्पष्ट होते.

८/
ती व्यवस्था मोबदल्याची. गारपगाऱ्याला गावातील प्रत्येक शेतकऱ्याकडून हंगामाच्या शेवटी ठरलेले धान्य मिळे. सुताराने औत दुरुस्त करावे, लोहाराने फाळ शेवटावा, तसे गारपगाऱ्याने आभाळ राखावे. त्याचा वाटा त्याच पिकातून यायचा. गारांनी शिवार झोडपले तर साहजिकच त्याचेही घर उपाशी राही. संकटावर नजर ठेवणारा माणूस त्या संकटाचा भागीदारही होता.

९/
मंत्राने किंवा रक्ताने ढग परतत नाहीत. परंतु या समजुतीवर हसण्याआधी त्याच काळातील युरोपकडे पाहावे. १८९६ साली ऑस्ट्रियन साम्राज्यातील श्टायरिया प्रांतात आल्बर्ट स्टीगर या द्राक्षबागाईतदाराने गारांविरुद्ध तोफा उभारल्या. कर्ण्यासारख्या उभ्या नळ्यांतून धुराची वलये आकाशात सोडली की गारा बनत नाहीत, असा त्याचा दावा होता. योगायोगाने पहिल्या हंगामांत गारपीट कमी झाली आणि हे वेड पसरले.

१०/
१९०० पर्यंत उत्तर इटलीत अशा हजारो तोफा उभ्या राहिल्या. दारूच्या स्फोटांत काही माणसे दगावली, तरी मागणी ओसरली नाही. अखेरीस ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सरकारांनी निवडक ठिकाणी रीतसर चाचण्या घेतल्या. तोफा धडाडत असतानाच तेथील मळे गारांनी झोडपले गेले आणि काही वर्षांत हा प्रयोग गुंडाळला गेला. श्टायरियाची तोफ आणि वऱ्हाडातील तलवार यांच्यामागील असहायता एकाच जातीची होती.

११/
मग विज्ञान काय करत होते? भारतात वादळांचा अभ्यास छंदातूनच वाढला. कोलकात्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी जहाजांच्या नोंदवह्या गोळा करून समुद्री वादळांचा माग काढला आणि १८४८ साली ‘सायक्लोन’ हा शब्द रूढ केला. १८५३ साली त्यांनी गव्हर्नर जनरलला जाहीर पत्र लिहून बजावले की, मातला नदीवर नवे बंदर बांधू नये, वादळाच्या लाटेत ते बुडेल. बंदर बांधले गेले. १८६७ च्या वादळात ते उद्ध्वस्त झाले. तोवर पिडिंग्टन हयात नव्हते.

१२/
इशारा बरोबर असूनही कोणी हललेच नाही, तर काय होते याचा हा भारतातील एक आरंभीचा धडा. १८६४ साली कोलकात्यावर चक्रीवादळ आदळले आणि १८६६ साली ओरिसात भीषण दुष्काळ पडला. या आपत्तींनंतर सरकारला देशभर एकसूत्री निरीक्षणांची गरज पटली. १८७५ साली भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख. तारायंत्रामुळे दूरदूरच्या ठाण्यांवरील वाचने एका जागी येऊ लागली आणि १८७८ पासून दैनिक हवामान अहवाल निघू लागला.

१३/
ब्लॅनफर्ड यांच्यानंतर आलेल्या जॉन इलियट यांनी गारपिटीचाही विचार केला. १८८३ ते १८९७ या काळात भारतात झालेल्या गारपिटींचा अभ्यास त्यांनी १८९९ साली प्रसिद्ध केला. याच काळातली ३० एप्रिल १८८८ ची मुरादाबादची गारपीट जगातील सर्वांत प्राणघातक गारपिटींत गणली जाते. तीत २४६ माणसे मरण पावली. ज्या संकटासमोर खेड्यातला माणूस तलवार घेऊन उभा राही, ते आता तारीख, ठिकाण आणि महिना यांच्या तक्त्यात बसू लागले.

१४/
मात्र तक्ता म्हणजे अंदाज नव्हे. त्याच १८९९ साली इलियट यांनी पावसाळा सरासरीहून चांगला होईल असे भाकीत केले. प्रत्यक्षात भयंकर अवर्षण पडले. हाच तो ‘छप्पन्नचा दुष्काळ’, विक्रम संवत १९५६ चा. वऱ्हाड आणि मध्य प्रांतही त्यात होरपळले. वृत्तपत्रांतून इतकी टीका झाली की १९०२ ते १९०५ या काळात मोसमी अंदाज गोपनीय ठेवले गेले. ज्याच्या शेताबद्दल अंदाज होता, त्याच्यापासूनच तो लपवला गेला.

१५/
गारपगाऱ्याचे महत्त्वही याच काळात ओसरत होते. त्याच्या शक्तीवरचा विश्वास उडत चालला, तसे धान्य देणारे हात आखडले. अनेकांनी शेती आणि मजुरी पत्करली. वऱ्हाडात रयतवारी पद्धतीने रोख शेतसारा ठरला होता आणि कापूस थेट जगाच्या बाजाराशी जोडला गेला होता. रोखीच्या या व्यवहारात धान्यावर चालणाऱ्या जुन्या नेमणुका एकामागून एक सैल झाल्या. जुना पहारेकरी गेला, परंतु नवा अजून गावात पोहोचला नव्हता.

१६/
ही पोकळी भरायला अर्धे शतक लागले. १९२८ साली हवामान विभागाचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. १९३२ साली तेथे एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषी हवामानशास्त्राची शाखा सुरू झाली. पीक आणि हवा यांचे नाते आता प्रयोगाचा विषय बनले. १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता आकाशवाणीवरून प्रसारित होऊ लागली. पुढे नागपूर केंद्र सुरू झाले आणि विदर्भाला स्वतःचे केंद्र मिळाले.

१७/
दरम्यान हिवाळी वादळाचे मूळही उलगडले. भूमध्य आणि कॅस्पियन समुद्रांच्या बाजूने पश्चिमी वाऱ्यांबरोबर वातावरणाच्या लाटा भारताकडे सरकतात. त्यांना ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणतात. हिमालयातील बर्फ आणि पंजाबातील गव्हाला मिळणारा पाऊस त्यांचीच देणगी. सहसा त्या उत्तरेतच ओसरतात. एखाद्या लाटेचा पट्टा मात्र दक्षिणेकडे मध्य भारतापर्यंत उतरतो आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून ओलसर वारे विदर्भात शिरतात. वर थंड कोरडी हवा, खाली उबदार ओलसर हवा. ढग उंच चढतात आणि गारा बनतात.

१८/
मग पावसाळ्यात एवढे ढग असूनही गारा क्वचितच का पडतात? पावसाळ्यात पाणी गोठण्याची पातळी जमिनीपासून बरीच उंच असते, म्हणून गारा वाटेतच वितळतात. हिवाळ्याच्या अखेरीस ती पातळी खाली असते, तर जमीन दुपारी चांगली तापू लागलेली असते. ढगाला वर रेटणारे बळ आणि गार टिकवणारी थंडी या दोन्ही गोष्टी फेब्रुवारी-मार्चमध्ये एकत्र येतात. गारपगाऱ्याच्या पहाऱ्याचा काळ योग्यच होता.

१९/
एकविसाव्या शतकातील सर्वांत कठोर परीक्षा २०१४ साली आली. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा गारपीट होत राहिली. तेव्हाच्या ३५ पैकी २८ जिल्ह्यांना तिचा तडाखा बसला. काही शिवारांत गारांचे थर साचून जमीन पांढरी झाली. गहू आडवा झाला, हरभऱ्याचे घाटे फुटले, संत्र्याचा आंबिया बहार झडला. गारपीट म्हणजे एका गावाचे दुर्दैव, ही जुनी समजूत त्या पंधरवड्याने मोडली.

२०/
चार वर्षांनी, ११ फेब्रुवारी २०१८ रोजी, विदर्भ-मराठवाड्यावर पुन्हा गारा कोसळल्या. या वेळी हवामान विभागाने आधीच इशारा दिला होता. तरीही सरकारच्या प्राथमिक अंदाजानुसार ११ जिल्ह्यांत सुमारे सव्वा लाख हेक्टरवरील पिकांचे नुकसान झाले. इशारा खरा ठरला आणि पीकही गेले. येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून विचारायला हवे की, दोन दिवस आधी कळल्याने शेतकऱ्याच्या हाती नेमके काय येते?

२१/
काही गोष्टी निश्चित येतात. तुरीची गंजी ताडपत्रीने झाकता येते. वेचलेला कापूस घरात आणता येतो. वाळलेल्या हरभऱ्याची सोंगणी घाईने उरकता येते. फवारणी आणि ओलीत थांबवता येते, गुरे गोठ्यात बांधता येतात, विजांच्या वेळी झाडाखाली जाणे टाळता येते. पण यासाठी ताडपत्री हवी, घरात जागा हवी आणि एकाच दिवशी साऱ्या गावाला हवे असलेले मजूर मिळायला हवेत. उभ्या गव्हावर तर ताडपत्री घालता येत नाही.

२२/
उभ्या पिकासाठी उरते ती भरपाई. तिथेही इतिहास हळूहळूच सरकला. आपत्ती-मदतीसाठी किमान ५० टक्के नुकसानीची अट होती. २०१४ आणि २०१५ च्या लागोपाठच्या अवकाळी फटक्यांनंतर, २०१५ साली ती ३३ टक्क्यांवर आली. २०१६ साली आलेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेने गारपिटीला स्थानिक आपत्ती मानले आणि नुकसान ४८ तासांत कळवण्याची तरतूद केली. ढगांचा माग घेणारी यंत्रणा आणि पंचनाम्याची यंत्रणा यांचा वेग मात्र कधीच सारखा नव्हता.

२३/
याच पार्श्वभूमीवर विदर्भातील लोकपरंपराही समजून घेता येते. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात वर्तुळाकार धान्ये मांडतात, मध्ये पाण्याची घागर आणि खाद्यपदार्थ ठेवतात, आणि रात्रीतून त्यांत झालेल्या बदलांवरून दुसऱ्या पहाटे पाऊस-पिकाचे भाकीत सांगतात. ही परंपरा साडेतीनशे वर्षांची असल्याचे सांगितले जाते. तिला शास्त्रीय आधार नाही. तरी दरवर्षी गर्दी होते. ज्याचे सारे काही आभाळावर अवलंबून, त्याला पुढचे काही तरी ऐकायचेच असते.

२४/
ही गरज आज मोबाईलवर भागवली जाते आणि तिथेच नवा धोका आहे. दुसऱ्या राज्यातील, जुन्या वर्षाची गारपिटीची चित्रफीत ‘आजची’ म्हणून गावोगाव फिरते. धास्तीपोटी कोणी हिरवा हरभरा उपटतो, तर चार वेळा फसलेला शेतकरी पाचव्या, खऱ्या इशाऱ्याकडे पाठ फिरवतो. इशारा कोणी दिला, कोणत्या तारखेला दिला, कोणत्या जिल्ह्यासाठी दिला आणि किती तासांसाठी दिला, हे चार प्रश्न म्हणूनच महत्त्वाचे. विदर्भासाठी अधिकृत उत्तर नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडे मिळते.

२५/
गारपगाऱ्याची विद्या खोटी होती. त्याच्या नेमणुकीमागील व्यवहार मात्र शहाणपणाचा होता. एकाने सर्वांसाठी जागे राहावे, सर्वांनी त्याचे पोट भरावे आणि नुकसान झाले तर ते त्यालाही भोगावे लागावे. आजचा पहारेकरी सरकारी तिजोरीतून, म्हणजे सर्वांच्याच पैशांतून, पोसला जातो. त्याची नजर उपग्रहाची आहे. पण बाभुळगावच्या शेतात गारा पडल्या तर नकाशा पाहणाऱ्याचे काही जात नाही.

२६/
गारपगारी हे नाव आजही विदर्भात ऐकू येते. काम मात्र केव्हाच संपले. फेब्रुवारीत नागपूरच्या रडारवर पश्चिमेकडून ठिपके सरकू लागतात, तेव्हा दूरच्या शहरात कोणी तरी उत्सुकतेने जागा असतो आणि बाभुळगाव तालुक्यातील एखाद्या खळ्यावर घरचे सारे मिळून गंजीवर ताडपत्री ओढत असतात. दोघांचेही डोळे एकाच ढगावर असतात. पहिल्याने पाहिलेले दुसऱ्यापर्यंत वेळेत आणि खरेपणाने पोहोचले, तर निदान गंजी तरी वाचते.